गुलमर्गमध्ये स्कीइंगचा पहिला दिवस कसा घालवावा

मुंबई-पुण्याहून काश्मीरला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमात गुलमर्गच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. त्यातला बराचसा वेळ गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या, रांगेत जातो, काही वेळ बर्फात बसून फोटो काढण्यात जातो आणि शेवटच्या अर्ध्या तासात स्कीइंगच्या नावाखाली कोणीतरी आपल्याला पाठीमागून धरून दहा-पंधरा मीटर घसरवत नेतो. हौस म्हणून त्यात काही वाईट नाही, परंतु त्याला स्कीइंग म्हणता येत नाही. एक संपूर्ण दिवस काढून खरोखर स्की पायात चढवायच्या आणि संध्याकाळ निवांत घालवायची, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एका दिवसात स्कीइंग येत नाही. मात्र उतारावर स्वतःच्या बळावर, कोणाचाही हात न धरता थांबता येणे एवढे एका दिवसात निश्चित साधते. दिवसाची आखणी तेवढ्याच ध्येयाभोवती करावी, असा माझा आग्रह आहे.

मुक्काम आणि मोसम

गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटर अंतरावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण 2,650 मीटर उंचीवर आहे. बर्फाचा मोसम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मानला जातो. काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लाई कलान’चे, त्यानंतरचे वीस दिवस ‘चिल्लाई खुर्द’चे आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लाई बच्चा’चे असतात. नवशिक्याने यांपैकी मधला काळ, म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, निवडावा; तोपर्यंत कुरणावर बर्फाचा चांगला थर बसलेला असतो आणि दिवसही थोडा मोठा झालेला असतो. तरीही निसर्गाचा भरवसा धरता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये महिन्याच्या अखेरीपर्यंत गुलमर्गचे कुरण जवळजवळ कोरडे होते आणि स्कीइंगसाठी आलेले लोक तपकिरी गवत पाहून परतले. त्यामुळे विमानाची तिकिटे आधी काढावी लागली, तरी निघण्याच्या आठवडाभर आधी हवामानाचा अंदाज आणि प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात व कार्यक्रमात एखादा दिवस मोकळा ठेवावा.

श्रीनगरहून सकाळी निघून संध्याकाळी परतणे शक्य आहे. पण स्कीइंग करायचे असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम गुलमर्गमध्येच असावा. याचे एक कारण रस्ता हे आहे. नरबल आणि मागामवरून टंगमर्गपर्यंतचा रस्ता सरळ असतो, मात्र टंगमर्ग ते गुलमर्ग हे शेवटचे बारा-तेरा किलोमीटर चढणीचे आणि वळणांचे आहेत. बर्फ पडल्यानंतर तेथे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांनाच वर सोडतात, त्यामुळे श्रीनगरची गाडी टंगमर्गला सोडून दुसरी घ्यावी लागते आणि यात सकाळचे दोन तास सहज जातात. शरीर हे दुसरे कारण. गुलमर्गच्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या तुलनेत चतुर्थांशाहून अधिक कमी असतो आणि समुद्रकाठावरून थेट येथे पोहोचलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दोन जिने चढतानाही धाप लागते. एक रात्र राहिल्यास हा त्रास बराच कमी होतो. डोके जड वाटणे साहजिक आहे; परंतु डोकेदुखीसोबत मळमळ किंवा तोल जाणे सुरू झाले, तर दुसऱ्या दिवशी वर जाण्याऐवजी खाली उतरावे.

दोन लहानसहान गोष्टी आधीच सांगून ठेवतो. महाराष्ट्रातील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. तसेच प्रवासविमा घेतला असेल, तर त्यात साहसी खेळांमधील दुखापत धरलेली आहे का, हे वाचून पाहावे. अनेक योजनांमध्ये ती वगळलेली असते.

अंगावर काय घालावे

मराठी घरातून निघताना बॅगेत भरले जाणारे जाड लोकरी स्वेटर, माकडटोपी आणि सुती मोज्यांचे चार जोड यांपैकी स्कीइंगला फारच थोडे उपयोगी पडते. स्कीइंगमध्ये माणूस घामाघूम होतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला पटत नाही. सुती कपडा घाम शोषतो आणि तो अंगावर ओला धरून ठेवतो, त्यामुळे थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. म्हणून अंगालगत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा बारीक लोकरीचा थर, त्यावर फ्लीसचा एक थर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट असे तीन पातळ थर घालावेत. जीन्स अजिबात घालू नये. ती भिजते, गोठून पत्र्यासारखी ताठ होते आणि गुडघा वाकू देत नाही. जलरोधक पॅन्ट गुलमर्गमध्ये भाड्याने मिळते. टंगमर्गला गाडी थांबताच गमबूट आणि घोट्यापर्यंत येणारे केसाळ कोट घेऊन विक्रेते गराडा घालतात. बर्फात नुसते चालायचे असेल तर गमबूट ठीक आहेत, पण त्या कोटात स्कीइंग होत नाही.

हातमोजे जलरोधक असावेत आणि शक्य असल्यास दोन जोड असावेत, कारण पहिल्या तासात माणूस तीस वेळा पडतो आणि तीस वेळा हात बर्फात रोवतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे 80 टक्के परावर्तित करतो, त्यामुळे ऊन वरून जसे लागते तसेच खालूनही लागते. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानांच्या पाळ्यांनाही लावावे. गॉगल डोळे कडेनेही झाकणारा असावा. ढगाळ हवेत तो काढून ठेवण्याची चूक अनेक जण करतात आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ घेऊन बसतात.

बूट: येथे घाई करू नये

माझ्या पहिल्या दिवसाचा निम्मा भाग बुटांनी खाल्ला. गाडीतून उतरताच जो पहिला माणूस भेटला, त्याच्याकडून मी पायाच्या मापापेक्षा दोन नंबर मोठे बूट घेतले, थंडीच्या भीतीने आत दोन जोड मोजे चढवले आणि सैल वाटू नये म्हणून बकला जीव खाऊन आवळल्या. अकराच्या सुमाराला नडग्यांवर रुपयाएवढे दोन लाल वळ उठले होते आणि टाच मात्र आतल्या आत वर-खाली होत होती. बूट सैल असला की पाय वळतो, बूट वळत नाही आणि स्की आपल्याच मनाने जाते. हे मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही.

म्हणून दुकानात किमान वीस मिनिटे काढावीत. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंत येणारा असावा. आतल्या थराची पॅन्ट मोज्याच्या वर राहावी आणि बुटात कापडाची एकही घडी जाऊ नये. पाय आत घातल्यावर टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवावी आणि मगच बकला लावाव्यात. त्यांतली घोट्यावरची बक्कल आधी लावावी, कारण टाच तीच धरून ठेवते. ताठ उभे राहिल्यावर पायाची बोटे बुटाच्या टोकाला जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे पुढे वाकवल्यावर ती टोकापासून सुटली पाहिजेत. वाकल्यावरही बोटे दुमडत असतील तर बूट लहान आहे आणि टाच उचलली जात असेल तर मोठा आहे. दुकानदार ‘थोड्या वेळाने सैल होईल’ म्हणाला, तर दुसरा जोड मागावा.

स्की उभी धरल्यावर तिचे टोक हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावे. नवशिक्याने याहून लांब स्की घेऊ नये. आखूड स्की हळू धावते आणि लवकर वळते. बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या बाइंडिंगवर एक लहान आकडा असतो. तो दुकानदाराने वजन, उंची, वय आणि कौशल्य विचारून जुळवायचा असतो, कारण पडताना पाय मुरगळण्याआधी बूट स्कीपासून सुटला पाहिजे. हे प्रश्न न विचारता स्की हातात दिली जात असेल, तर ते दुकान सोडावे. हेल्मेट मागून घ्यावे. मागितल्याशिवाय ते बहुधा मिळत नाही.

दर ठरवताना साहित्याचे भाडे, शिक्षकाचे मानधन, लिफ्टचे पैसे आणि एकूण तास हे चारही घटक वेगवेगळे विचारावेत. शिक्षक पर्यटन खात्याकडे नोंदणी केलेला आहे का, हे ओळखपत्र पाहून खात्री करून घ्यावे. त्यात कोणाला राग येण्यासारखे काही नाही. गाडीतळावर स्लेज ओढणारे, घोडेवाले आणि मार्गदर्शक एकाच वेळी भोवती गोळा होतात. त्यांचा मोसम जेमतेम तीन महिन्यांचा असतो हे ध्यानात ठेवून नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत नकार द्यावा.

सकाळी साडेनऊ ते साडेबारा: छोटा उतार

गोंडोला सकाळी घेऊ नये. प्रत्येक जण तोच विचार करून येतो, आणि सकाळचा रात्रभर आवळलेला, पण उन्हाने वरून किंचित सैल होऊ लागलेला बर्फच शिकण्यासाठी सर्वांत चांगला असतो. हिवाळ्यात गोल्फच्या मैदानाची जमीन सौम्य चढ-उतारांचे पांढरे कुरण होते. ज्या उताराच्या तळाशी मोकळी सपाट जागा आहे, असा उतार शिक्षकाकडे मागावा, म्हणजे थांबता आले नाही तरी स्की आपोआप थांबते.

पहिली पंधरा मिनिटे एकच स्की घालून सपाटीवर चालावे, नंतर पाय बदलावा, मग दोन्ही घालाव्यात. यानंतर पडण्याचा सराव करावा. तोल गेल्याची खात्री झाली की मागे न बसता बाजूला, नितंबावर पडावे. उठताना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या अंगाला आणि उताराला आडव्या आणाव्यात. त्या उताराच्या दिशेने असतील, तर उठता उठताच माणूस पुन्हा निघून जातो. वर चढण्यासाठी स्की आडव्या ठेवून, कडा बर्फात रोवत, जिना चढल्यासारखे एकेक पाऊल बाजूने टाकावे. या चढण्यानेच दम लागतो, घसरण्याने नाही.

आता थांबणे. स्कींची पुढची टोके एकमेकांजवळ आणि मागची टोके लांब, असा पिझ्झाच्या तुकड्यासारखा त्रिकोण करायचा. शिक्षकही ‘पिझ्झा’ असेच ओरडतात. त्रिकोण करताच दोन्ही स्कींच्या आतल्या कडा बर्फात बसतात आणि बर्फ खरवडला जाऊन वेग कमी होतो. घाट उतरताना आपण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवतो आणि वळणापुरता ब्रेक दाबतो, तसेच हे आहे. अरुंद त्रिकोण म्हणजे गिअर आणि रुंद त्रिकोण म्हणजे ब्रेक. वेग वाढण्याची वाट पाहून मग त्रिकोण केला तर उशीर झालेला असतो. तो सुरुवातीपासून थोडा तरी असावा.

खरी अडचण पायांची नसून भीतीची असते. उतार दिसला की शरीर मागे झुकते, कारण डोंगर उतरताना आपण आयुष्यभर तसेच केलेले असते. स्कीवर मागे झुकल्यास पुढच्या टोकांवरचे वजन निघून जाते, कडा बर्फाला धरत नाहीत आणि स्की ताब्यातून सुटतात. माझा शिक्षक उताराच्या खाली पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उलटा घसरत होता आणि दर दोन सेकंदांनी एकच वाक्य म्हणत होता: ‘घुटने मोडो, सर, घुटने मोडो.’ विसाव्या खेपेला त्याने काठी काढून माझ्या नडगीवर टेकवली आणि बुटाची जीभ नडगीला सतत टोचली पाहिजे, असे सांगितले. सर्व शब्दांपेक्षा ही एक खूण उपयोगी पडली: नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली असली, तर माणूस पुढे आहे, पोटऱ्या बुटाच्या मागच्या भागाला टेकल्या, तर तो मागे गेला आहे. हात समोर, ताटाची कड धरल्यासारखे ठेवावेत आणि नजर स्कीच्या टोकांवर न ठेवता जिथे थांबायचे आहे तिथे ठेवावी.

सलग पाच वेळा ठरवलेल्या जागी थांबता आले, की वळण घ्यावे. डाव्या पायावर वजन टाकले तर स्की उजवीकडे वळते, उजव्या पायावर टाकले तर डावीकडे वळते. प्रथम हे उलटे वाटते, पण दहा-बारा प्रयत्नांत पाय ते समजून घेतात. स्कीवर उभ्या माणसाला उतारावरून वर ओढून नेणारी ड्रॅग लिफ्ट त्यानंतर घ्यावी. तिची चकती दोन्ही मांड्यांमध्ये येते, पण तिच्यावर बसायचे नसते; बसल्यास माणूस तोंडावर आपटतो. उभे राहून, गुडघे मऊ ठेवून तिला आपल्याला ओढू द्यावे आणि पडल्यास मागून येणाऱ्याच्या वाटेतून लगेच बाजूला सरकावे.

बारानंतर मांड्या थरथरू लागतात. या वेळी ‘अजून एकच फेरी’ म्हणण्याचा मोह होतो आणि बहुतेक गुडघे त्याच फेरीत मुरगळतात. तिथेच थांबावे.

दुपार: जेवण आणि गोंडोलाचा निर्णय

बुटाच्या बकला सैल करून जेवावे. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे बरेच पाणी जाते, म्हणून दर तासाला काही घोट तरी प्यावे. शाकाहारी मंडळींना राजमा-भात, दम आलू आणि कमळाच्या देठांची नदरू यखनी सहज मिळते. मांसाहार करणाऱ्यांनी रोगनजोश संध्याकाळसाठी ठेवावा, कारण तो खाऊन पुन्हा उतारावर जाणे कठीण असते. खिशात घरचे डिंकाचे लाडू असतील तर त्यांच्याइतका योग्य खुराक दुसरा नाही. चॉकलेट या थंडीत दगड होते, लाडू तेवढा होत नाही.

गोंडोलाचे तिकीट आधीच ऑनलाइन काढलेले असावे आणि सोबत ओळखपत्र असावे. पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला आणि तो कोंगडोरीपर्यंत, सुमारे 3,050 मीटरपर्यंत नेतो; 2005 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर 3,950 मीटरच्या पुढे जातो. नवशिक्याने पहिल्याच टप्प्याचे तिकीट काढावे, आणि तेही स्की खाली ठेवून, केवळ पाहण्यासाठी. हवा स्वच्छ असेल तर येथून उत्तरेकडे 8,126 मीटर उंचीचा नंगा पर्वत दिसतो आणि तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल होतात.

दुसऱ्या टप्प्याच्या वरून उतरणारा उतार जगभरच्या स्कीपटूंना येथे खेचून आणतो, पण तो रुळलेला, दाबून सपाट केलेला उतार नव्हे. गस्तीच्या पथकाने तपासलेल्या भागाबाहेर हिमस्खलनाचा धोका खराखुरा आहे: फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. तेथे जाणाऱ्यांकडे शोधयंत्र, फावडे, बर्फात खुपसून पाहण्याची सळई आणि जाणता वाटाड्या असावा लागतो. पाहण्यापुरते वर जायचे असले, तरी दमा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. शिवाय वारा वाढला की दुसरा टप्पा अचानक बंद होतो, म्हणून त्यावर दिवसाचा कार्यक्रम टांगून ठेवू नये.

गोंडोला नको असेल तर दुपारी आणखी तासभर सकाळच्याच उतारावर जावे. दोननंतर बर्फ ओलसर, जड होतो आणि त्यात स्की अडकते. वळणे त्यामुळे अधिक कष्टाने, पण अधिक सावकाश होतात. साडेतीनला साहित्य परत करावे आणि परत करताना स्कीवर आधीपासून असलेल्या ओरखड्यांचा सकाळी काढलेला फोटो हाताशी ठेवावा.

संध्याकाळ

स्की-बूट काढून साधे बूट घालणे हे या दिवसातील सर्वांत मोठे सुख आहे. लगेच खोलीत जाऊन आडवे होण्याऐवजी अर्धा तास संथ चालावे, म्हणजे मांड्या आखडत नाहीत. कुरणातल्या टेकाडावर 1902 साली बांधलेले दगडी सेंट मेरी चर्च आहे. पाचच्या सुमाराला, माणसे पांगल्यावर, तेथपर्यंतची वाट जवळजवळ रिकामी असते आणि आपल्या पावलांखाली बर्फ करकरतो तेवढाच आवाज येतो. त्याच सुमाराला सूर्य डोंगराआड जातो आणि तापमान झपाट्याने शून्याखाली उतरते, म्हणून परतायला उशीर करू नये.

परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी. काही मोठ्या हॉटेलांत गरम पाण्याचा तरणतलाव आणि मालिशची सोय असते. साध्या हॉटेलांत गरम पाणी ठरावीक वेळीच येते, ती वेळ सकाळीच विचारून ठेवावी. त्यानंतर कहवा. हिरव्या चहात वेलची, दालचिनी व केशर घालून, वरून बदामाचे काप टाकून तो देतात आणि त्यात दूध नसते. या उंचीवर पाणी सुमारे 91 अंशांना उकळते, त्यामुळे तो लवकर निवतो. कप हातात धरून गप्पा मारत बसू नये, आधी प्यावा. मद्य घ्यायचे असल्यास अगदी थोडे घ्यावे, कारण उंचीवर ते लवकर चढते आणि शरीरातील पाणी कमी करते.

लाकडावर पेटणाऱ्या बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, हातमोजे वाळत घालावेत, पण तिच्या पत्र्यावर ठेवू नयेत. खोलीत बुखारी किंवा कोळशाची कांगडी पेटती ठेवून दारे-खिडक्या गच्च लावून झोपू नये. बंद खोलीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. विजेवर तापणारी चादर किंवा गरम पाण्याची पिशवी मागून घ्यावी.

ज्यांना एवढ्यावर समाधान होणार नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था गुलमर्गमध्येच आहे आणि ती हिवाळ्यात निवासी वर्ग चालवते. पुढच्या वर्षीच्या वर्गाची चौकशी त्या मुक्कामातच करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या इतक्या दुखतात की पलंगावरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, म्हणून त्या दिवशी दुपारचे विमान ठेवू नये. रस्त्यावर रात्री जमलेले बर्फाचे काचेसारखे थर उन्हाने सैल होईपर्यंत, म्हणजे साडेनऊ-दहापर्यंत, गाडी खाली सोडण्याची घाई चालकाला करू नये, आणि साखळ्या टंगमर्गला पोहोचल्यावरच काढाव्यात.